माहेरचं नाव

निकाल आला तेव्हा दैवशाला मुरकुटे डबा उघडून बसली होती. समोरच्या पडद्यावर एकच ओळ उमटली : 'रोजगार हमीची कामे, डोंगरपट्टा. मुलींच्या आयुष्यावर परिणाम : शून्य.'

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला.

परिणाम थोडा आहे असं यंत्र म्हणालं असतं, तर तिने मान्य केलं असतं. पण शून्य? तिची आई याच डोंगरपट्ट्यात, खडकदऱ्याच्या पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहायची. तलावाच्या काठी बाभळीखाली बसून दैवशाला पाढे पाठ करायची. गावात काम होतं म्हणून आईबापांनी घर सोडलं नाही, म्हणून शाळा सुटली नाही, आणि म्हणून आज ती पुण्याच्या मूल्यमापन संस्थेत खुर्चीवर बसून हा निकाल वाचत होती.

"शाला मॅडम, चेहरा का पडला?" विभागप्रमुख सबनीस दारातूनच म्हणाले. तिचं पूर्ण नाव त्यांच्या तोंडी कधीच बसलं नव्हतं.

"सर, हे खोटं आहे. माझी आई..."

"यंत्राला आई नसते," सबनीस म्हणाले. ते चेष्टेने बोलले नव्हते. "तुमची एक गोष्ट. त्याच्याकडे कोट्यवधी आहेत."

त्या यंत्राचं नाव होतं 'दुवा'. ते काय करायचं, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

समजा, एका रोपाला आपण खत घातलं आणि ते तरारून वाढलं. ते खतामुळे वाढलं की पावसामुळे? हे कळायला शेजारी तसंच दुसरं रोप हवं. तीच माती, तोच पाऊस, फक्त खत नाही. मग दोघांच्या उंचीतला फरक म्हणजे खताचा गुण. माणसाच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. ज्या मुलीच्या आईला काम मिळालं, ती मुलगी काम न मिळता कशी वाढली असती, हे कुणाला दिसणार? एक माणूस दोनदा जगत नाही. म्हणून दुवा त्या मुलीची छाया शोधायचा. तशाच डोंगरातली, तेवढ्याच वयाची, तशाच घरातली, फक्त जिच्या गावात रोजगार हमीचं काम कधी निघालं नाही अशी दुसरी मुलगी. शाळेचे दाखले, दवाखान्याच्या नोंदी, शिधापत्रिका, कामावरची हजेरी, सगळं एकमेकांना जोडून दुवा दोघींची आयुष्यं शेजारी शेजारी ठेवायचा आणि फरक मोजायचा.

जोडायचं कसं, हा नाजूक प्रश्न होता. ओळखक्रमांक संशोधनासाठी वापरायला कायद्याने बंदी होती. म्हणून दुवा नावाचे तुकडे करायचा. भाजी चिरावी तसं मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख बारीक चिरून त्यांच्या खुणा बनवायचा. दोन कागदांवरच्या पुरेशा खुणा जुळल्या, की माणूस तोच. कुणाचंही नाव उघडं न करता सगळ्यांचं आयुष्य जोडता यायचं. सगळ्या देशाने या युक्तीचं कौतुक केलं होतं.

आणि आता दुवा म्हणत होता की काम मिळालेल्या गावांतल्या मुली आणि त्यांच्या छाया यांच्यात काही फरक नाही. दोघी सारख्याच शिकल्या, सारख्याच वयात लग्न करत्या झाल्या.

"समिती सोमवारी बसते," सबनीस म्हणाले. "शून्य असेल तिथलं काम दिवाळीनंतर बंद, हे ठरलेलंच आहे. तुमच्याकडे आठवडा आहे. गावी जाऊन या, हवं तर. पण आठवणी आणू नका. पुरावा आणा."

*

डोंगरपट्ट्यात दिवाळीनंतर काम बंद होणं म्हणजे काय, हे दैवशालाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मोठमोठ्या फडांत आता तोडणीची यंत्रं फिरत होती, पण लहान, आडवळणाच्या फडांत यंत्र वळत नाही. तिथे माणूसच लागतो. आणि तिथे माणसाला माणूस म्हणत नाहीत, कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे दोघं, नवरा आणि बायको. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. घरात वयात आलेली मुलगी असली, तर तिला गावात एकटी ठेवता येत नाही आणि फडावरच्या खोपीत नेता येत नाही. मग तिचं लग्न करून देतात. तेवढाच आणखी एक कोयता होतो.

तिच्या भावाची मुलगी, ईश्वरी, यंदा अकरावीला होती. एक स्थळ येऊन गेलं होतं. भाऊ सुग्रीव त्यांना म्हणाला होता, "काम चालू हाय तवर पोरगी शिकंल."

दैवशाला खडकदऱ्याला पोहोचली ती थेट डोंगरावरच गेली. उतारावर समतल चर खणायचं काम चालू होतं. तिची वहिनी रेवती हजेरी घेत उभी होती.

"आल्या का पुन्याच्या बाई?" रेवती लांबूनच ओरडली. "ताई, जपून या. तुमच्या चपलंला आमचा डोंगर सोसायचा न्हाई!"

"वहिनी, तुझी जीभ अजून तशीच आहे."

"जीभंला काय झालंय? दातच हलायलेत."

बायका हसल्या. नणंद-भावजय दोघी जवळजवळ एका वयाच्या. रेवती या घरात आली तेव्हा दैवशाला बारावीत होती. "तुम्ही पुस्तक वाचा, भाकरी मी बगते," असं म्हणून त्या कोवळ्या मुलीने चुलीचा ताबा घेतला होता, आणि तो अजून सोडला नव्हता.

हजेरी अर्ध्यावर आली असताना डोंगराच्या पायथ्याशी मोटारसायकल थांबली. एक माणूस हात उंचावून हाका मारू लागला, "शेवंते! ए शेवंते!"

"ही कोन शेवंता?" एक म्हातारी बाई डोळे बारीक करून म्हणाली. "आपल्यात न्हाई कुनी."

पण रेवतीने हातातलं हजेरीचं यंत्र शेजारणीच्या हातात कोंबलं आणि पदर खोचून ती उतारावरून धावत सुटली. तिच्या माहेरचा भाऊ बारशाला न्यायला आला होता.

दैवशाला जागच्या जागी उभी राहिली. तिला लग्नाचा दिवस आठवला. नव्या सुनेचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरलेले, सुग्रीवच्या हातात अंगठी, आणि त्याने तांदळात गिरवलेली अक्षरं : रेवती. ते नाव दैवशालानेच सुचवलं होतं. पुस्तकातल्या नक्षत्रांच्या यादीतलं. सगळ्यांनी म्हटलं होतं, शिकलेली नणंद आहे, नाव किती गोड काढलं!

तिने पिशवीतून पडद्याची पाटी काढली आणि भीतभीतच दुव्याला विचारलं. या वाटेने विचारलं की नाव कुणाचं ते दिसत नाही, पण नोंदींचा धागा कुठवर जातो ते दिसतं. तिने वहिनीच्या माहेरच्या खुणा घातल्या : शेवंता, तिचे वडील, त्यांचं आडनाव, आणि जिथे रोजगार हमीचं काम कधी निघालं नव्हतं ते त्यांचं गाव. धागा सुरू झाला. जन्म. लसी. पहिली, दुसरी, तिसरी. नववीची गुणपत्रिका. आणि पुढे : 'व्यक्ती आढळत नाही.'

मग तिने रेवती सुग्रीव मुरकुटे, खडकदरा, असं घातलं. धागा सुरू झाला तो थेट बाळंतपणापासून. त्याआधी : 'पूर्वनोंद नाही.'

नवं नाव, नवऱ्याचं नाव मधे, नवं आडनाव, नवं गाव. आणि वय कायद्यात बसावं म्हणून मागे ढकललेली नवी जन्मतारीखसुद्धा. चिरलेल्या खुणांपैकी एकही जुळत नव्हती. दुव्याच्या लेखी एक मुलगी नववीनंतर हवेत विरून गेली होती, आणि काही काळाने एक बाई आभाळातून पडली होती.

*

"आता बघा सर," त्या दुपारी ती गावच्या शाळेच्या ओट्यावर बसून पुण्याशी बोलत होती. "नदी पार करून अलीकडे आलेल्यांनाच आपण विचारलं की नदी खोल आहे का, तर ते काय सांगतील? छे, कमरेइतकीच. जे बुडाले ते सांगायला येतच नाहीत. ज्या गावात काम नाही, तिथल्या मुलींची लग्नं लवकर झाली. लग्न झालं की नाव बदललं. नाव बदललं की मुलगी दुव्यातून गळाली. मग त्या गावात दुव्याला दिसतात कोण? ज्या शिकत राहिल्या, नाव तेच राहिलं, त्याच. बुडालेल्या सगळ्या वगळल्या, म्हणून ती गावं आपल्या गावांइतकीच चांगली दिसतात. शून्य येणारच!"



"दुवा बांधला तेव्हा आम्ही सगळे तिथे होतो," सबनीस म्हणाले. "सगळे इथलेच. सगळ्यांनी आपापल्या लग्नात तांदळात नाव लिहिलेलं. माझ्या बायकोचं माहेरचं नाव कुंदा. लग्नानंतर मी ते एकदाही उच्चारलेलं नाही. आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही बघा."

"मग समितीला सांगा."

"सांगणं वेगळं. दुव्याला धडा द्यावा लागेल. दोन्ही नावं माहीत असलेल्या काही खऱ्या बायका लागतील, त्यांच्या संमतीने. वाटीभर विरजण मिळालं की बाकीचं दूध तो आपोआप लावेल. गळालेल्या मुली किती आणि कुठल्या, याचा अंदाज त्याला बांधता येईल. पण विरजण खरं हवं."

*

विरजण मिळवायचं काम रेवतीने अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत तिने चराच्या कडेला बायकांना गोळा केलं. शेजारच्या कामांवरच्याही आल्या होत्या.

"ऐका गं. नवऱ्याचं नाव घेऊन घेऊन तोंड आंबलं. आज स्वतःचं नाव घ्यायचं. माहेरचं. उखान्यात! जिला येत न्हाई तिनं नुसतं सांगितलं तरी चालंल."

"कशापायी गं?" त्या म्हातारीने विचारलं.

"ताईच्या यंत्राला पायजे. दुवा म्हनत्यात त्याला."

"दुवा? देतंय का घेतंय?"

हशा पिकला. दैवशालाने त्यांना समजावून सांगितलं, शाळेतल्या मुलांना सांगावं तसं. रोपाची गोष्ट, नदीची गोष्ट. नावं मिळाली तर काम टिकेल, हे सांगितलं. नाव चिरून ठेवतात, कुणाला दिसत नाही, हेही सांगितलं. ती जे सांगत होती त्यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

रेवतीने पदर सावरला, घसा खाकरला.

"ताटातल्या तांदळात लिहिलं रेवती छान,
शेवंता म्हनून हाक मारा, मंग देते कान!"

टाळ्या पडल्या. मग म्हातारी पुढे सरसावली.

"आई म्हनायची चंपी, बाप म्हनायचा चंपा,
सासरी झाले सुशीला, तरी सुटनात गप्पा!"

मग एकीमागून एक. कुणी लाजत, कुणी यमक चुकवत. प्रत्येकीने यंत्रावर संमतीचा अंगठा ठेवला. शेवटी एक अबोल बाई राहिली, आरती म्हणून. तिला उखाणा सुचेना.

"कोमल," ती एवढंच म्हणाली, आणि तोंडावर पदर घेतला. "ह्या नावानं हाक मारनारं आता कुनी उरलं न्हाई."

"आम्ही मारू की," रेवती म्हणाली. "ए कोमल, रडू नको, भाकरीत मीठ जास्त होईल."

सुग्रीव खालून पाण्याचा हंडा घेऊन आला होता. तो कडेला उभा राहून सगळं ऐकत होता. मोठा गरीब स्वभावाचा माणूस. बापाने उभं केलं तिथे बोहल्यावर उभा राहिला होता, आणि त्यानंतर बायकोला कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्याने तांब्या भरून पुढे केला.

"पानी घे, शेवंता," तो म्हणाला.

रेवतीने तांब्या घेतला, पण पाणी प्यायचं ती विसरूनच गेली.

*

विरजण लागलं. रविवारी सकाळी, शाळेच्या ओट्यावरच, दुव्याचं नवं गणित आलं. काम नसलेल्या गावांतल्या गळालेल्या मुलींची जागा यंत्राने भरून काढली, तेव्हा छाया एकदम काळवंडली. काम असलेल्या गावांत मुली कितीतरी अधिक शिकत होत्या, कितीतरी उशिरा लग्न करत होत्या. 'परिणाम : मोठा आणि निःसंशय.'

दैवशाला ओट्यावर उठून उभी राहिली. तिला आईला हाक मारावीशी वाटली. आई जाऊन कैक वर्षं झाली होती.

मग तिने 'समितीकडे पाठवा' यावर बोट ठेवलं, आणि पडद्यावर लाल चौकट आली.

'या जोडण्या कायम केल्यास बालकांविरुद्धच्या संभाव्य गुन्ह्यांच्या नोंदी संबंधित यंत्रणेकडे आपोआप जातील.'

तिने ते दोनदा वाचलं. सबनीसांना विचारलं. त्यांचा आवाज खोल गेला होता.

"नवा कायदा आहे. मुलांवरच्या गुन्ह्याचा पुरावा कुठल्याही सरकारी यंत्रात आला, की त्याने तो दडवायचा नाही. चांगला कायदा आहे, मॅडम. मीच एका सभेत त्याच्या बाजूने बोललोय. शाळेतली खरी जन्मतारीख आणि पहिलं बाळंतपण एका धाग्यात आलं, की लग्न कितव्या वर्षी झालं ते उघडं पडतं. मग नाव झाकलेलं राहत नाही."

"मी त्यांना सांगितलं, कुणाला दिसणार नाही म्हणून."

"संशोधनापुरतं ते खरंच आहे. पण दुवा एकतर्फी नसतो. एक टोक धरलं की दुसरं हातात येतंच."

"नुसता निकाल पाठवता येणार नाही? जोडण्या न देता?"

"समिती पडताळून पाहील. जोडण्यांशिवाय निकाल म्हणजे तुमच्या आईची गोष्ट. उद्या सकाळी अकराला बैठक आहे."

*

रेवती अंगणात ज्वारी पाखडत होती. ईश्वरी आत अभ्यासाला बसली होती. दैवशालाने सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

सूप थांबलं.

"ह्यांना नेतील?"

"कदाचित चौकशी..."

"कदाचित म्हनू नका, ताई. तुम्ही हिशेबाच्या मानूस."

"नेतील," दैवशाला म्हणाली.

"अन् पाठवलं न्हाई तर?"

"काम बंद."

रेवतीने घराच्या दाराकडे पाहिलं. आतून ईश्वरीचं पुटपुटणं ऐकू येत होतं. रसायनशास्त्राचं काहीतरी पाठ करत होती.

"मंग मह्यं एकटीचं घाला."

"एका थेंबाने विरजण लागत नाही, वहिनी."

"बाकीच्यांनी हसत हसत नावं घेतली. मी म्हनले म्हनून घेतली. खेळ म्हनून."

"त्यांना विचारायला हवं."

"विचारलं तर व्हय म्हनतील का?"

"नाही."

"मंग विचारू नका, असं मी म्हनावं, असं वाटतंय का तुम्हाला?" रेवतीच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "घरात एकीनं भाकरी थापायची, एकीनं पुस्तक वाचायचं, असं आपन ठरवलं होतं. वाचलं नव्हं तुम्ही? मंग ठरवा आता."

तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

दैवशाला गावातून चालत शाळेपर्यंत गेली. वाटेत तिने मनात तराजू धरला. एका पारड्यात डोंगरावर बसून हसणाऱ्या बायका, तिचा भाऊ, वहिनी. दुसऱ्या पारड्यात सगळा डोंगरपट्टा, गावोगावच्या अशा मुली, ज्यांची नावं तिला कधी कळणार नव्हती. त्यांतली प्रत्येक मुलगी कुणाची तरी ईश्वरी होती. आयुष्यभर ती हेच शिकली होती आणि हेच शिकवत आली होती, की दिसणाऱ्या एकासाठी न दिसणाऱ्या हजारांना विसरायचं नसतं. बायकांची संमती होती, अंगठे होते. पण ज्याला संमती दिली ते हे नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

तिने पाठवा म्हटलं. लाल चौकट मिटली.

*

सोमवारी समितीने कामं चालू ठेवली. सबनीसांनी अभिनंदनाचा निरोप धाडला आणि खाली आणखी काही लिहायला घेऊन खोडल्याचं दिसत होतं.

त्याच आठवड्यात गावात पोलिसांची गाडी आली. सुग्रीव शेतातून आला तसा, चिखलाच्या पायांनी, गाडीत बसला. कुणाशी भांडला नाही. म्हातारीचा नवरा कधीच वारला होता, तर तिच्या थोरल्या भावाला नेलं. लग्न त्याने लावलं होतं म्हणून. आरतीच्या नवऱ्याला नेलं त्या दिवशीच सासरच्यांनी तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. "जा, कोमल म्हनून हाक मारनाऱ्याकडं जा," सासू म्हणाली. ती कुठे गेली, कुणालाच कळलं नाही.

आणि डोंगरावर काम होतं, पण माणूस नव्हतं. जिथे नाव पुकारतात तिथे पाऊल ठेवायला बाई तयार होईना. यंत्र दिसलं की बाया वाट बदलत. शेजारच्या गावांत वार्ता पोहोचली, मग तिथेही तसंच झालं. खणायला आखलेले चर तसेच राहिले. चुन्याच्या रेघा वाऱ्याने पुसल्या गेल्या.

दिवाळी सरली. टोळीचे ट्रक गावच्या वेशीवर येऊन लागले.

दैवशाला आली ती ईश्वरीला न्यायला. पुण्यात कॉलेज पाहून ठेवलं होतं, खोली रिकामी केली होती. घराला कुलूप होतं. ती वेशीवर गेली. ट्रकवर पातेली, बिछाने, कोंबड्यांची खुराडी चढवणं चालू होतं. रेवती एका गाठोड्यावर पाठमोरी बसली होती. तिने दैवशालाला पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड फिरवलं.

ईश्वरी ट्रकच्या फाळक्यावरून खाली उतरली. डोक्याला रुमाल बांधलेला.

"आत्या, तू उगंच आलीस."

"तू कुठे निघालीस? तुझी परीक्षा आहे. तुझ्यासाठीच तर..."

"आई एकटी हाय. अर्ध्या कोयत्याला टोळीत घेत न्हाईत." मुलगी सरळ तिच्या डोळ्यांत बघत बोलत होती. "बाप न्हाई, मंग मी. ती तोडंल, मी मोळ्या बांधीन. जामीन झाला की बघू."

"मी वकील लावलाय."

"ठाऊक हाय. आईनं सांगितलं, तुझं काही घेऊ नको म्हनून."

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. ईश्वरी जागची हलली नाही.

"आत्या, तुझ्या त्या यंत्रात मी हाय का?"

"आहेस. जन्मापासून."

"मह्यं नाव काढ."

"ईश्वरी, ऐक. तुझं नाव राहिलं तर पुढच्या खेपेला कळेल की खडकदऱ्यात काय झालं. काम चालू असून शाळा का सुटली, हे कुणीतरी विचारेल. नाव काढलं तर..."

"काढता येतं का न्हाई?"

"येतं. तुझा हक्क आहे तो."

"मंग काढ. आत्ता. मी बघते."

रेवतीने अजूनही वळून पाहिलं नव्हतं. फाळक्यावर चढलेल्या आणखी दोन मुली खाली वाकून ऐकत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "ताई, मह्यं पन."

दैवशालाने पाटी बाहेर काढली. ईश्वरीने अंगठा टेकवला आणि हात आखडून घेतला. धागा समोर उलगडला; जन्म, लसी, पहिली, दुसरी, दहावीचे गुण, अकरावी. त्यापुढे दुव्याने नुकतीच एक नोंद चढवली होती : 'शाळा सोडली.' काम असलेल्या गावातली, सोळा वर्षांची, शाळा सोडलेली मुलगी. गावाच्या खात्यावरचा एक उणा गुण.

तिने नाव पुसलं. धागा टोकापासून मागे मागे मिटत गेला. ईश्वरी शेवटचं अक्षर जाईपर्यंत थांबली, मग फाळक्याला हात घालून वर चढली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली.

पडद्यावर खडकदऱ्याच्या परिणामाचा आकडा क्षणभर थांबला, आणि किंचित वर सरकला.